साळवे मामांची बेल

साळवे मामांना ऐकू येत नाही, ही गोष्ट आमच्या गल्लीत इतकी पक्की झाली होती की भाजीवाला त्यांच्या दारापाशी आला की आपोआप पट्टी वाढवायचा. गॅसची टाकी आणणारा तर फाटकातूनच बोंब मारायचा. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी पहिल्या बाकावरची, स्पीकरच्या अगदी पुढ्यातली जागा राखून ठेवली होती. मामा या सगळ्या प्रेमाला एकच उत्तर द्यायचे. उजवा हात कानामागं धरायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "हां?"

हे "हां?" शुद्ध खोटं होतं. मामांचे कान इतके तिखट होते की आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर गल्लीपलीकडून ऐकून त्यांनी एकदा माझ्या बायकोला बजावलं होतं, "वैनी, कार्बन घासलेत त्याचे. आठ दिवसात बसतोय बघा." तो सहाव्या दिवशी बसला. बहिरेपण मामांनी साठी ओलांडल्यावर, पूर्ण विचार करून, स्वतःहून पत्करलं होतं. कशासाठी, ते अख्ख्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. आता मामा नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही, अशी मी माझी समजूत घालतो आहे. हे लिखाण रूथमावशींच्या हाती पडू नये, एवढंच.

रूथमावशी म्हणजे मामांची बायको. दोघांचं घर आमच्या घरासमोर, शिरूरला. मामा रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. आधी कारेगावात भाड्याच्या खोलीत राहिले, मग इथं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं एक पडवी, असं बांधलं. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं. मामांनी न विचारता आणखी एक वस्तू घरी आणली, ती म्हणजे कारखान्याची शिस्त.

पॅनेलमधल्या वायरींच्या टोकांना नंबर घातलेले छोटे पिवळे मणी असतात. मामा त्यांना फेरूल म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घरात या मण्यांचा सपाटा लावला. किल्ल्यांना नंबर, छत्र्यांना नंबर, गॅसच्या नळीला नंबर. मावशींच्या मसाल्याच्या डब्यांनाही त्यांनी नंबर दिले आणि कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला. एक हळद, दोन तिखट, तीन धने. मावशींनी तिसऱ्या दिवशी डबे मुद्दाम उलटेपालटे केले. मामांनी तक्त्याला हात लावला नाही. "ड्रॉईंग बरोबर हाय," ते मला म्हणाले, "साईट चुकलीय."

टेस्टर त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचा. रविवारी उपासनेला जातानाच्या पांढऱ्या शर्टातसुद्धा. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी मांडवातल्या कूलरला भेटायचे. कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावून बघायचे आणि मगच शेजारी खुर्ची ओढायचे. लोक हसायचे. यवतच्या एका लग्नात टेस्टर पेटला, त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही, आणि मंडपवाल्यानं मामांना जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "लोड काय हाय?" कुणी नवीन फ्रीज घेतला, लोड काय हाय. कुणी सरपंचकीला उभं राहिलं, लोड काय हाय. माझ्या मुलीला पुण्याला कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून मामांनी विचारलं, "पोरीवर लोड किती टाकताय, सर?" मी हसण्यावारी नेलं. रात्री जेवताना तो प्रश्न पुन्हा आठवला, हेही खरं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, याचं मामांना फार कौतुक होतं. म्हणजे टिंगल करण्यापुरतं. "सर, तुमचं करंट फळ्यावरचं. त्याला हात लावला तरी कुणाला काय होत न्हाई." मी ओहमचा नियम पाठ म्हणून दाखवू शकत होतो, पण घरचा फ्यूज गेला की मामांना हाक मारायचो. ते यायचे, काम करायचे, आणि मग जे करायचे त्याचा आधी मला कंटाळा यायचा. पंखा दुरुस्त केला तर तो फिरला म्हणून लगेच चहाला बसायचे नाहीत. पंखा चालू करायचे, बंद करायचे. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं तीनदा. "चालू झालं म्हंजी काम झालं न्हाई, सर. बंद बी व्हायला पायजे. चालू तर आग बी होती."

रूथमावशी ब्लाऊज शिवायच्या. माहेर दौंडचं, शिवण तिथंच शिकलेल्या. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन, भिंतीवर कागदी मापं, गळ्यात टेप. मावशींच्या हातचा ब्लाऊज घातला की बाई मान ताठ ठेवून चालते, असं माझी बायको म्हणते, आणि तिचं कौतुक सहजी कुणाच्या वाट्याला येत नाही. बेल वाजली की मशीन थांबायचं आणि टेप सावरत मावशी दार उघडायला यायच्या. दार त्यांनीच उघडायचं, हा त्या घरचा नियम होता. मामा दाराशेजारी बसलेले असले तरी उठायचे नाहीत. "गिऱ्हाईक तिचं हाय," म्हणायचे.

आणि मग गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं.

आम्हाला ते आमच्याच घरात कळलं. बायको ब्लाऊजपीस घेऊन गेली आणि तशीच परत आली. "तीनदा बेल दाबली. आतून मशीनचा आवाज येतोय, पण दार उघडायला कुणी नाही. मावशींना आता शिवायचा कंटाळा आला असेल." त्या आठवड्यात आणखी दोघी अशाच परतल्या आणि स्टँडजवळच्या नव्या बुटिककडं गेल्या. मी ते ऐकून सोडून दिलं. मामांनी सोडलं नाही.

एका संध्याकाळी ते आमच्याकडं आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "सर, तुमचा मोबाईल चांगला हाय ना?"

"बरा आहे."

"आन् खोटं बोलता येतं का?"

"थोडंफार."

"तेवढं पुरं." मग ते बसले. बराच वेळ टेस्टरचं टोपण काढत, लावत राहिले. "रूथला ऐकू कमी येतंय. वरीस झालं असंल. एस्तेर म्हणली, आई, कानाचं मशीन घेऊ. दोन दिस पोरीशी बोलली न्हाई. म्हणती, तुम्हीच समदे तोंडातल्या तोंडात बोलता."

एस्तेर ही त्यांची मुलगी. जावई रेल्वेत, म्हणून दौंडला असते.

"बायका येत्यात, बेल दाबत्यात, निघून जात्यात. मी उठून उघडलं, तर बेल हुकली ते हिला कळंल. आन् हिला वाटतंय, आपला हात बिघडला. काल चांगला ब्लाऊज उसवत बसली, सर. चूक हुडकत होती. समदा उसवला. चूक न्हाई घावली, तवा रडाय लागली." माझ्याकडं बघायचं त्यांनी टाळलं. "मी जल्मभर ब्रेकडाऊन काढले. फॉल्ट हातात न्हाई, ते मला कळतंय. पण कानात हाय म्हणलं, तर मशीनवर कापड टाकून बसंल ती. एस्तेर तर टपलीच हाय दौंडला न्यायला. मशीन बंद झालं तर ही बाई बंद होईल."

"मग काय करायचं?"

"फॉल्ट माझ्यावर घ्यायचा," मामा म्हणाले. "उद्यापास्नं मी बहिरा."

त्यांची योजना पॅनेलच्या ड्रॉईंगसारखी कागदावर काढलेली होती. त्यांच्या घरची बेल जुनी, डिंग-डाँगवाली. पांढऱ्या डब्यात एक लोखंडी दांडा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या. बटण दाबलं की दांडा एका पट्टीवर आपटतो, डिंग. बोट काढलं की परत येताना दुसरीवर आपटतो, डाँग. त्या बेलबरोबर मावशींच्या मशीनशेजारी एक पिवळा दिवा लावायचा, म्हणजे सुईकडं बघता बघता तो डोळ्यांत येईल. पण लोक बटण टिचकी मारल्यासारखं दाबतात. तेवढ्यात दिवा लुकलुकून विझणार आणि मावशी नेमक्या दोऱ्याचं टोक दातानं तोडत असणार. म्हणून मध्ये रिले हवा, म्हणजे ठरवलेल्या वेळानं आपोआप बंद होणारा स्विच. मामांनी पुण्याहून मागवलेला रिले खिशातून काढला. काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा, वायफायवर चालणारा, आत दोन वेगळे स्विच. एकावर बेल, एकावर दिवा. कुणीही कितीही घाईत बटण दाबलं तरी दिवा ठरवू तेवढे सेकंद पेटून राहणार. वर मामा बाजारात असले तरी त्यांच्या मोबाईलवर निरोप येणार की दारात कुणीतरी आलंय.

"वायरिंग माझं. मोबाईलमधलं तुमचं," ते म्हणाले.

"आणि दिवा कशाला, असं मावशींनी विचारलं तर?"

"माझ्यासाठी. मला बेल ऐकू येत न्हाई ना. मी आता तिच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसणार."

हा माणूस चर्चच्या वडील मंडळींत गणला जाणारा. कारखान्यातल्या टेस्ट रिपोर्टवर कधी खोटा आकडा लिहिला नाही, म्हणून साहेबाशी भांडलेला. तो इतकं सरळ, इतक्या तयारीनिशी खोटं बोलायला निघालेला पाहून मला हसू आलं आणि मग एकदम ओसरलं.

शनिवारी दुपारी काम काढलं. मामा पडवीत स्टुलावर चढलेले, तोंडात दोन स्क्रू. वायरींना अर्थातच मणी घातलेले. मी खाली मोबाईल घेऊन. ॲपमध्ये विचारत होतं, रिले किती वेळ ओढून धरायचा. मी मामांना विचारलं. स्क्रू न काढता ते म्हणाले, "होल्ड ठेवा."

आता यात चूक कुणाची, यावर आम्ही पुढं पुष्कळ वाद घातला. कारखान्यात हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटर फिरत राहते. लाल बटण दाबेपर्यंत. याला होल्ड म्हणतात, आणि मामांच्या बोटांना जन्मभर तेच वळण. विज्ञान शिक्षकानं निदान दोन प्रश्न विचारायला हवे होते. शिक्षकानं आज्ञाधारकपणे दोन्ही स्विच होल्डवर ठेवले.

नेमके त्याच वेळी पाळकसाहेब नाताळच्या कार्यक्रमाचं बोलायला आले. सभ्य माणूस. पडवीत स्टुलावर घरमालक दिसत असूनही त्यांनी रीतसर बेल दाबली.

डिंग.

पाळकसाहेबांनी बोट काढलं आणि डाँगची वाट बघत उभे राहिले. मीही वाट बघत होतो. डाँग काही येईना. डब्यातून नुसतं घूंऽऽ असं सुरू झालं. आपल्या हातून मोडतोड झाली असं वाटून पाळकसाहेबांनी पुन्हा बटण दाबलं, मग पुन्हा, आणि शेवटी हात मागं बांधून उभे राहिले.

तेवढ्यात आतून मशीन थांबल्याचा आवाज आला आणि मावशी टेप सावरत दारात आल्या. दिवा पेटला होता. त्यांना तो दिसला होता. पण त्यांच्या मनानं काय नोंदवलं, ते त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळलं.

"अहो! पाळकसायेब कवाचे उभे हायेत. मला आत मशीनवर बेल ऐकू आली, आन् तुम्ही हितं बेलीला टेकून उभे! तुम्हाला ऐकू येत न्हाई व्हय?"

मामांच्या कानापासून वीतभर अंतरावर बेल घुंगावत होती. त्यांनी स्टुलावरूनच हात कानामागं नेला, मान तिरकी केली आणि आयुष्यातलं पहिलं "हां?" म्हटलं.

मावशींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. काळजी होती, राग होता, पण त्या सगळ्याखाली एक सुटका होती. कमी ऐकू येणारं माणूस घरात होतं खरं, पण ते त्या नव्हत्या.

"काहीतरी जळतंय का?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं. बहिऱ्या मामांना ते बरोबर ऐकू आलं. त्यांनी स्टुलावरून उडी मारली आणि मेन स्विच पाडला. घर बंद झालं, आणि तेव्हा कुठं दांडा सुटला.

डाँग.

मग मी बेल एका सेकंदावर आणि दिवा दहा सेकंदांवर ठेवला. मामांनी ते तीनदा नाही, दहाबारा वेळा तपासलं. मला म्हणाले, "बघा सर, डिंग कुणी बी करंल. डाँग व्हायला सोडावं लागतंय."

पुढच्या महिनाभरात बायका परत आल्या. माझी बायकोही गेली. मावशींनी दोन सेकंदांत दार उघडलं, असं ती म्हणाली. मावशींनी तिला माप घेता घेता सांगितलं, "मधी जरा गिऱ्हाईक रोडावलं होतं बघा. मला वाटलं, हात गेला माझा. पण न्हाई, हात जागेवर हाय." मी हे मामांना सांगितलं. त्यांनी खिशातला टेस्टर काढून उगाच भिंतीला लावून बघितला.

खोट्याची किंमत मात्र त्यांनी चोख चुकवली. त्यांना त्यांच्याच घरात कुजबुजता येईना. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची तर आवाज लहान ठेवून चालेना. गल्लीतली माणसं त्यांच्यासमोर, पण त्यांना ऐकू येत नाही या भरवशावर, त्यांच्याबद्दल बोलू लागली. मणी लावण्याच्या नादाला लोक काय म्हणतात, ते मामांना तेव्हा कळलं. सगळ्यांत वाईट रविवार. स्पीकरच्या पुढ्यात बसून परत आले की तासभर पडून राहायचे. "सर, पाळकसायेब माझ्यासाठी आता आणखी मोठ्यानं बोलत्यात. मागल्या रविवारी पापावर होतं. कान फाटले." मी म्हटलं, देवानं शिक्षा इथल्या इथं दिली. ते म्हणाले, "ती सोसंल. पण व्हॉल्यूम कमी पायजे होता."

एकदा मात्र सगळं उघडं पडायची वेळ आली. मी त्यांच्याकडं चहाला गेलो होतो. मागच्या खोलीत मावशी मशीनवर, शेजारी खुर्चीत मामा, मी दारात. बोलता बोलता मामा थबकले आणि म्हणाले, "रिले दोनदा वाजला. कॉन्टॅक्ट चिकटतोय."

रिले पडवीत होता. मध्ये एक खोली, एक भिंत. त्याचा टक् असा आवाज मला शेजारी उभं राहूनही कधी नीट ऐकू आला नव्हता. मावशींनी मशीन थांबवलं. त्यांनी मामांच्या तोंडाकडं पाहिलं होतं, म्हणून त्यांना शब्द कळले होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

मी चहाचा कप तोंडाला लावला आणि काढलाच नाही. मामांनी मात्र एक क्षणही घेतला नाही. त्यांनी दंडावरून हात फिरवला. "ऐकू कशाचं येतंय? अंगाला कळतंय. इतकी वर्सं करंटमधी काढली."

मावशींना हे पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांनी ते दौंडपर्यंत पोचवलं. आमच्या ह्यांना कानानं कमी येतं, पण करंट अंगात कळतो. एस्तेर सुट्टीला आली तेव्हा तिनं मला हे खरं का म्हणून विचारलं. मी विज्ञान शिक्षक. मी म्हटलं, काही माणसांच्या बाबतीत असतं असं.

त्या व्यवस्थेत एक दोष शेवटपर्यंत राहिला. लाईट जाऊन परत आली की रिले स्वतःच जागा व्हायचा आणि एक डिंग-डाँग करून टाकायचा. दिवा पेटायचा. मावशी मशीन सोडून दार उघडायच्या, तर दारात कुणी नसायचं. मग रस्त्यानं जो कुणी जात असेल त्याला विचारायच्या, "तुम्ही वाजवली का?" तो थांबायचा, दोन वाक्यं बोलायचा. आमच्याकडं लाईटचा तसा भरवसा नाही. गल्लीत लाईट आली का, हे लोक बल्ब लावून बघेनासे झाले. मावशी दारात दिसल्या की आली असं समजायचे.

तो दोष ॲपमध्ये एका बोटानं घालवता आला असता. मी मामांना तसं सांगितलं. इतक्या काटेकोर माणसाला हे खपलंच कसं, याचंच मला नवल वाटत होतं.

"राहू द्या," मामा म्हणाले.

"अहो, पण फॉल्ट आहे ना तो?"

"हाय. पण दिसातनं एकदोनदा दार उघडलं जातंय. माणूस दिसतंय तिला. दोन शब्द होत्यात." मग म्हणाले, "मी नसलो तरी लाईट तर येत-जात राहील ना?"

मामा गेले त्याला दोन नाताळ होऊन गेले. छातीचं दुखणं निघालं आणि आठवड्याभरात आटोपलं. माती दिली त्या दिवशी एस्तेरनं आईला दौंडला चल म्हटलं. मावशींनी चारच शब्दांत नाही म्हटलं. "गिऱ्हाईकाचे कपडे पडलेत माझ्याकडं." आजही मशीन चालू आहे. बेल दाबली की त्या येतात. रिलेला माझ्या मोबाईलची जोड दिलीय. दारात कुणी आलं की वर्गात माझ्या खिशात फोन थरथरतो आणि मला कळतं की मावशी आता उठल्या असतील.

मागच्या महिन्यात मी बायकोचा ब्लाऊज आणायला गेलो होतो. घडी घालता घालता मावशी म्हणाल्या, "सर, एक वाटत राहतं बघा. शेवटी शेवटी त्यांना कायबी ऐकू येत नव्हतं. मी किती वरडायची त्यांच्यावर. बिचारं माणूस नुसतं हां हां करायचं."

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. त्यांच्याकडं तोंड करून, मोठ्यानं, नीट ओठ हलवत म्हणालो, "हो मावशी. पण त्यांच्या वाटचं ऐकायला तुम्ही होता ना." त्या हसल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

मी मामांना धडधाकट असं शेवटचं पाहिलं ते दुखणं निघायच्या आधीच्या शनिवारी, दुपारी. शाळा सुटून घरी येत होतो. मामा बाजारातून आलेले, हातात पिशवी. स्वतःच्या दारासमोर उभे. किल्ली, नंबर एक, पिवळ्या मण्यासकट त्यांच्या कमरेला लटकत होती. पण मामांनी किल्लीनं दार कधीच उघडलं नाही. रोज बेल दाबायचे.

गल्लीत दोघंतिघं होते, म्हणून मी ठरल्याप्रमाणं ओरडून हाक मारली, "काय मामा, बाजार झाला का?"

त्यांनी मागं न बघता हात वर करून मला गप्प केलं. पिशवी खाली ठेवली. आतून मशीनची खटखट येत होती. त्यांनी बटण दाबलं, सावकाश बोट काढलं. डिंग. डाँग. आणि मग सगळ्या गल्लीनं बहिरा ठरवलेला तो माणूस पुढं झुकला आणि त्यानं दाराच्या फळीला कान लावला. डोळे मिटलेले. आत खटखट चालूच होती. एक, दोन, तीन.

खटखट थांबली.

मामांनी डोळे उघडले. "बंद झालं," मला म्हणाले, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं. पंखा दुरुस्त झाल्यावर चहाला बसायचे तेव्हा चेहरा असायचा, तसा चेहरा झाला होता. मग पावलं जवळ आली, कडी वाजली, आणि त्यांनी घाईघाईनं कान दारापासून काढून चेहरा नीटनेटका केला.

दार उघडलं. गळ्यातला टेप सावरत मावशी कडाडल्या, "किती उन्हात उभं राहायचं माणसानं? मला एका बेलीत ऐकू येतंय, म्हणून बरं!"

मामांनी हात कानामागं नेला.

"हां?"